बेवारस कोण? ग्रामपंचायतीस एका शनवार तेल्याच्या नातवाचं खुलं पत्र

माननीय सरपंचताई, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामस्थ मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात गावातल्या एका बालमित्राने तुमच्या मासिक सभेच्या ठरावाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. चष्मा लावून, बोटांनी मोठा करून वाचला. गावठाणालगतची ‘बेवारस व वापरात नसलेली’ कबरस्तानाची जागा सपाट करून तिथे पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळ करावा. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर.

मी रेल्वेत छत्तीस वर्षं काढली. ‘बेवारस’ हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडायचा. बेवारस वस्तू दिसल्यास हात लावू नका, असं आम्ही लोकांना सांगत होतो. तुम्ही तर थेट जेसीबी लावायला निघालात.

त्या जागेत माझे आजोबा आहेत. आजी आहे. आजोबांचे वडील आहेत, आणि नाव ठेवण्याआधीच गेलेली माझी एक आत्या आहे. मी जिवंत आहे, ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहतो, आणि दर वर्षी पावसाळा संपला की कोयता घेऊन तिथलं रान काढायला येतो. गेल्या वर्षी आलो तेव्हा उपसरपंचांनीच मला चहा पाजला होता. तेव्हा बेवारस हा शब्द जरा जपून वापरायला हवा होता.

गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. भांडण घरचं आहे. मग खुलं पत्र कशाला, असं विचाराल. दोन अर्ज दिले, दोन्हींवर पोच मिळाली, उत्तर एकावरही नाही, म्हणून. शिवाय अलिबाग, पेण, मुरूड, रोहा ह्या पट्ट्यात अशी कबरस्तानं अजून बरीच आहेत आणि वाहनतळ तर आता सगळ्यांनाच हवेत.

पंचायतीतली निम्मीअधिक मंडळी चाळिशीच्या आतली आहेत. त्यांनी आजोबांना पाहिलेलं नाही, म्हणून थोडं सांगतो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. किनाऱ्यावर आमचा धंदा पिढ्यान् पिढ्या तेलाचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. आमचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचले, सात पुरुष आणि सात बायका, ही गोष्ट आमच्यात प्रत्येक पोराला पाठ असते. हे कधी घडलं ह्यावर विद्वान वाद घालतात, त्यांना घालू दे. एवढं खरं की कित्येक शतकं आम्ही इथेच आहोत. आडनावं इथल्या गावांची, बोली इथली, आजीच्या अंगावर नऊवारी. फक्त कोळंबी खायची नाही. समुद्रकाठच्या गावात राहून कोळंबी न खाणं हा केवढा त्याग आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आजोबांच्या वडिलांचा लाकडी घाणा होता. झापडं बांधलेला बैल दिवसभर गोल फिरायचा. तीळ, खोबरं, आणि दिव्यासाठी उंडीचं तेल. पेंड गावातल्या गुरांना. आता ह्यातली खरी गंमत ऐका. मारुतीला तेल वाहायचं शनिवारी, आणि गावचा तेली बंदही शनिवारीच! ह्यावर आजोबांनी तोड काढली होती. शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी ते ओटीवर लाकडी खोका ठेवत आणि त्यात पावशेर, अच्छेर मापाने भरून ठेवलेल्या बाटल्या. शनिवारी ज्याला लागेल त्याने बाटली न्यायची आणि भिंतीवर खडूने आपली खूण करायची. शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आजोबा पैशाला हात लावत नसत, त्यामुळे हिशेब रविवारी. अक्षर येत नव्हतं त्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या: कुणाचा मासा, कुणाचा विळा, एका म्हातारीचं नुसतं टिंब. ती भिंत मी लहानपणी पाहिली आहे. माझे वडील सांगत की वर्षाकाठी खोक्यातल्या दोनचार बाटल्या कमी भरायच्या, खूण नसायची. आजोबा त्याला ‘मारुतीची वर्गणी’ म्हणत.

1940 साली ते फौजेत गेले. तेल्याच्या पोराला लढाईचं काय, असं गावाने म्हटलं असेल. पण आमच्यात फौज नवी नाही. मुंबईला मांडवीत सॅम्युएल स्ट्रीट म्हणून रस्ता आहे. नाव वाचून लोकांना कुणी गोरा साहेब वाटतो. तो साहेब म्हणजे आमचा सामाजी हसाजी दिवेकर, कंपनी सरकारच्या पलटणीतला नेटिव्ह कमांडंट. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला. जात विचारली तेव्हा त्याने ‘बेने इस्राएल’ सांगितलं, हे नाव कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली आणि तो वाचला, अशी कथा आहे. सुटून आला आणि 1796 साली त्याने मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, बांधलं. शाआर हारहमीम, म्हणजे दयेचा दरवाजा. पुढल्याच वर्षी तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, पोथ्या मिळवायला कोचीनला गेला आणि तिथेच वारला. आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत. मशीद बंदर हे स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं आमच्यात ठामपणे सांगतात.

सामाजीची गोष्ट आजोबा बाजेवर आडवे होऊन सांगत, आणि शेवटी हमखास म्हणत, “त्याने मशीद बांधली. आपल्याला विहीर परवडली.”

त्या विहिरीकडे येतोच.

आजोबा सर्व्हिस कोरमध्ये ड्रायव्हर होते. 1943 च्या अखेरीस इटलीत उतरले आणि लढाई संपेपर्यंत तिथे लॉरी चालवत राहिले. दारूगोळा, बटाटे, जखमी माणसं, जे भराल ते. आपल्याच जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे तिथे 1944 च्या जुलैमध्ये पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी तोच क्रॉस मिळवला. आजोबांना कुठलाही क्रॉस मिळाला नाही. मोहिमेची सगळ्यांना मिळतात ती पदकं मिळाली. ती आजीने तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती, त्यामुळे त्यांच्या फिती कायम तेलकट.

लढाईबद्दल ते बोलत नसत. चिखलाबद्दल बोलत. एकच प्रसंग मात्र त्यांनी अनेकदा सांगितला. सेनिओच्या बाजूला रस्त्यावर एक लॉरी बंद पडली होती, तिच्यावर सहा टोकांचा तारा. पॅलेस्टाइनहून आलेल्या ज्यू ब्रिगेडचे सैनिक होते. आजोबांनी खाली उतरून त्यांचं इंजिन चालू करून दिलं आणि हाताची बोटं पुसत सांगितलं, मीही तुमच्यातलाच. ते हसले. हा काळा, पगडीवाल्यांच्या सैन्यातला माणूस ज्यू कसा? मग आजोबांनी उजवा हात डोळ्यांवर ठेवला आणि ‘शमा इस्राएल’ ही आमची प्रार्थना म्हटली. हसणं थांबलं. त्यातल्या एकाने त्यांना मिठी मारली आणि खिशातली सिगारेटची अख्खी डबी दिली. आजोबा सिगारेट ओढत नव्हते. ती डबी त्यांनी गावापर्यंत आणली आणि तुमच्यापैकीच एकाच्या पणजोबांना दिली.

परदेशात त्यांना स्वतःचा धर्म सिद्ध करावा लागला, हे मी समजू शकतो. तिथे त्यांना कोण ओळखणार? पण स्वतःच्या गावात, मेल्यावर चाळीस वर्षांनी, त्यांना आपलं गावकरीपण सिद्ध करावं लागेल, असं त्यांच्या मनात तरी आलं असेल का?

परत आल्यावर फौजेतून मिळालेल्या पैशांत थोडं कर्ज घालून त्यांनी ऑइल इंजिन घेतलं आणि घाण्याची गिरणी झाली. बैलाला त्यांनी विकलं नाही, तो गोठ्यातच म्हातारा होऊन मेला. धंदा चालला. मोठा शेठ वगैरे कधी झाले नाहीत, पण हातात चार पैसे राहू लागले. तेव्हा गावच्या दोन्ही विहिरींना उन्हाळ्यात खारं पाणी लागायचं. होळीनंतर बायका डोंगराच्या पायथ्यापर्यंत हंडे घेऊन जात. 1952 साली आजोबांनी आपल्या वाडीच्या वरच्या अंगाला स्वतःच्या जमिनीत विहीर खणली. गोडं पाणी लागलं. त्यांनी ती वाडीसाठी ठेवली नाही. चिरे लावून बांधून काढली आणि वाट सोडून गावाला देऊन टाकली. सगळ्यांना, हे लक्षात घ्या. 1952 साली ‘सगळ्यांना’ हा शब्द सोपा नव्हता. वरच्या आळीतल्या काही मंडळींनी खालच्या वस्तीतल्या बायकांना तिथे येऊ देऊ नका म्हणून निरोप पाठवला. आजोबांनी उलट निरोप धाडला की पहिला हंडा त्यांचाच भरेल, ज्यांना चालत नसेल त्यांनी खारं प्यावं. आठ दिवस वरची आळी खारं प्यायली. नवव्या दिवशी आली.

पुढे 1957 साली शाळेच्या दोन खोल्या. माझे वडील सांगत की त्या वर्षी घरात कुणालाही नवे कपडे मिळाले नाहीत, आणि आजीने हे आजोबांना पुढची पंचवीस वर्षं ऐकवलं. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळेचं तेल मात्र त्याआधीपासूनच आमच्याकडून जायचं. ते दान नव्हे, ती रीत होती.

माझे दोन काका साठीच्या दशकात इस्राएलला गेले. एक बीरशेबाला, एक अश्दोदला. 1948 च्या सुमारास आमची संख्या वीस हजारांच्या घरात होती. आज देशभरातले सगळे ज्यू मिळून चारपाच हजार असतील. आजोबांनाही बोलावणं होतं, कागद तयार होते. त्यांनी सांगितलं, गिरणीचा पट्टा बदलायचा आहे, तेवढं करतो आणि येतो. तो पट्टा ते 1983 पर्यंत बदलत राहिले. मग आम्ही त्यांना त्या जागेत ठेवलं जिला आता तुम्ही बेवारस म्हणता. खांद्यावर घ्यायला आमचे चारच पुरुष होते. बाकीचे खांदे गावाचे होते, सरपंचताई. त्यात तुमचे सासरे होते.

आता माझ्या तक्रारी. राग आहे, पण तो बाजूला ठेवून लिहितो.

पहिली, विहिरीवरच्या शिळेची. दोन वर्षांपूर्वी सुशोभीकरणात विहिरीला रंगीत टाइल लावल्या, कठड्यावर डॉल्फिन काढले. (आपल्या विहिरीत डॉल्फिन कुठून आले, हा प्रश्न मी सोडून देतो.) जुनी शिळा काढून तिच्या जागी ग्रॅनाइटची पाटी आली, तिच्यावर तेव्हाच्या पदाधिकाऱ्यांची नावं आणि ‘यांच्या प्रयत्नांतून’. जुनी शिळा कुठे गेली, हे ठेकेदाराला ठाऊक नव्हतं, ग्रामसेवकांना ठाऊक नव्हतं. मला ती ह्या कार्तिकात सापडली. विहिरीमागे गटारावर पाय ठेवायला टाकली आहे, अर्धी चिखलात. ‘…कर यांनी गावासाठी’ एवढी अक्षरं वर आहेत, बाकीची खाली. मी बघत असताना एक पोरगा तिच्यावरून सायकल घेऊन गेला. त्याची काहीच चूक नाही.

दुसरी, शाळेची. शताब्दीच्या स्मरणिकेत आणि खोल्यांवरच्या नव्या फलकावर असं लिहिलं आहे की ह्या खोल्या ‘एका परदेशी व्यापाऱ्याच्या देणगीतून’ बांधल्या. शिळेपेक्षा हे मला जास्त लागलं. ज्याने लिहिलं त्याने वाईट हेतूने लिहिलं नसेल. नाव वेगळं वाटलं, नातेवाईक इस्राएलला, म्हणून परदेशी. पण त्या परदेशी माणसाला मराठीखेरीज धड कुठली भाषा येत नव्हती हो! प्रार्थना हिब्रूतून म्हणायचे आणि मध्येच अडले की देवाला मराठीत शिव्या घालायचे.

तिसरी, कबरस्तानाची. ‘वापरात नाही’ म्हणजे काय? कबरस्तानाचा वापर तो कसला करायचा असतो? तिथे माणसं आहेत, ती कुठे जात नाहीत, हाच त्याचा वापर. आमच्यात कबर एकदा झाली की ती कायमची. जागा पुन्हा वापरायची नाही, हाडं हलवायची नाहीत. दगडांवर हिब्रू आहे आणि त्याखाली मराठी आहे. देवनागरी वाचता येणाऱ्या कुणालाही पाच मिनिटांत कळलं असतं की इथे कोण निजलं आहे आणि त्यांची आडनावं कुठल्या गावांची आहेत.

ह्याच्याशी जोडून एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. पहिला अर्ज द्यायला आलो तेव्हा कार्यालयात बसलेल्या एका गृहस्थांनी मला समजुतीने सांगितलं, “आम्हाला वाटलं ती मुसलमानांची जागा आहे. तुमची आहे असं कळलं असतं तर विचार केला असता.” त्यांना वाटलं, मला बरं वाटेल. मला अजिबात बरं वाटलं नाही. मुसलमानांची असती तर चाललं असतं? आजोबांच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांत मोहल्ल्यातले दोघे होते. माझ्या आजोबांची कबर वाचावी आणि त्यांची तुटावी, असला सौदा मला नको.

चौथी तक्रार छोटी आहे. आमच्या समाजाला महाराष्ट्र सरकारने 2016 साली अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याचा दाखला मी दुसऱ्या अर्जाला जोडला होता. तो दाखला तेवढा परत आला, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. एवढंच.

मी वाहनतळाच्या विरोधात नाही. शनिवार-रविवार गावात गाड्यांची काय अवस्था होते ते मी बघितलं आहे. मागच्या खेपेला माझीच रिक्षा देवळापाशी पाऊण तास अडकली होती. घरगुती खाणावळी चालतात, पोरांना गावात काम मिळतं, चांगलंच आहे. पण बंदराच्या रस्त्याला बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची जागा आहे, कबरस्तानाच्या दुप्पट. ती का नको, हे ठरावात कुठेही लिहिलेलं नाही.

मागण्या ह्या आहेत.

ठरावातले ‘बेवारस’ आणि ‘वापरात नसलेली’ हे शब्द काढून दुरुस्तीचा ठराव करा. वारस म्हणून माझं नाव आणि पत्ता तुमच्याकडे दोन अर्जांवर आहे, बीरशेबा आणि अश्दोदच्या भावंडांचीही पत्रं मी देईन.

भूमी अभिलेख कार्यालयाकडून जागेची रीतसर मोजणी होईपर्यंत तिथे कुठलंही यंत्र जाऊ देऊ नका. मोजणीची फी मी भरतो. कुंपणाचाही खर्च आम्ही ठाण्या-मुंबईची चार घरं मिळून करू, पंचायतीकडे एक रुपया मागत नाही.

शिळा गटारावरून उचलून विहिरीवर परत बसवा. ग्रॅनाइटची पाटी काढा असं मी म्हणत नाही, तीही राहू दे, डॉल्फिनही राहू देत. शेजारी जागा आहे.

शाळेच्या फलकावरचा ‘परदेशी व्यापारी’ पुसून ‘गावातले तेली’ असं लिहा. नाव घातलं नाहीत तरी चालेल. आजोबांना नावाची हौस नव्हती. शिळेवरही नाव कोरायला ते तयार नव्हते, ते गावाने पंचांकरवी कोरून घेतलं होतं. हे तुमच्या जुन्या इतिवृत्तात सापडेल, वाळवी लागली नसेल तर.

आणि हा विषय बंद खोलीतल्या मासिक सभेत न ठेवता 1 मेच्या ग्रामसभेत घ्या. मला बोलायला दहा मिनिटं द्या. मला गावाच्या तोंडून ऐकायचं आहे. वयस्कर बायका आल्या तर फार बरं होईल, कारण त्या विहिरीवर पहिला हंडा कुणी भरला हे सांगणाऱ्या दोघी खालच्या वस्तीत अजून आहेत.

शिळा उचलायला मी भाच्याला घेऊन येतो. पहार आणि दोर आमचे. शिळा जड आहे, गावातले चार जण लागतील. मोजणीची आणि ह्या कामाची तारीख तुम्हीच ठरवा, फक्त शनिवार सोडून.

आपला,
शनवार तेल्याचा नातू
ठाणे